रामबागेतल्या जुन्या घराचं प्लास्टर आणि दोन वर्षांनी सापडलेला भरवशाचा मिस्त्री

पूर्ण पावसाळा जाऊ दिला आणि मग लिहायला बसलेय, कारण प्लास्टर कसं झालंय ते पावसाळ्यातच कळतं, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती छान दिसतात. आमचं घर इंदूरला रामबागेत, पुढचा भाग आजेसासऱ्यांनी बांधलेला, चुन्यातल्या जाड विटांच्या भिंती, आणि मागचं स्वयंपाकघर, बाथरूम, वरची एक खोली हे सगळं नंतर सासऱ्यांनी सिमेंटमध्ये काढलेलं. म्हणजे एकाच घरात दोन जातीच्या भिंती आहेत, आणि ही गोष्ट किती महत्त्वाची आहे हे आम्हाला पैसे घालवून कळलं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका ठेकेदाराला काम दिलं होतं, नाव लिहीत नाही. माणूस गोड बोलायचा, चार दिवसांत पुढच्या आणि मागच्या एका खोलीचं जुनं प्लास्टर खरवडून नवं मारून मोकळा झाला, आम्हीही खूश, वरून पुट्टी आणि महागातला रंग लावला. ऑगस्टमध्ये खालून अडीच तीन फुटांपर्यंत रंगाला फोड आले, मग पांढरी पावडर सुटायला लागली, दिवाळीला झाडू मारला की रोज मूठभर चुरा निघायचा. मागच्या खोलीत तर भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. फोन केला तर म्हणे घर जुनं आहे, आम्ही काय करणार. सासूबाई म्हणजे आई पुढच्या खोलीत झोपतात, त्यांना दमा आहे, ती कुबट ओल आणि उडणारी पावडर बघून मला रात्री झोप लागायची नाही हे खरं सांगते. म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं की स्वस्त महाग बघायचं नाही, माणूस बघायचा.

हा मिस्त्री आम्हाला मागच्या गल्लीतल्या काकूंकडून कळला. त्यांच्याकडे त्याने पाच वर्षांपूर्वी काम केलं होतं, आणि मी सरळ त्यांच्या घरी जाऊन भिंतीवर नाण्याने टकटक करून बघितली, काकू हसल्या पण मी जिन्याखालची, मोरीच्या मागची, खिडकीच्या खालची, सगळी भिंत वाजवली. कुठे पोकळ आवाज नाही. तुम्हीही हेच करा, चालू असलेलं काम किंवा मोबाईलमधले फोटो बघून काही कळत नाही, चार पावसाळे काढलेली भिंत बघायला मागा, आणि जो मिस्त्री पत्ता द्यायला मागेपुढे करेल त्याला सोडून द्या.

डिसेंबरमध्ये तो बघायला आला. खरगोनकडचा माणूस आहे, पन्नाशीचा, फार बोलत नाही. एक तास घरात फिरला, भिंती वाजवल्या, पांढऱ्या पावडरला बोट लावून जिभेवर ठेवलं आणि म्हणाला क्षार आहे. मग बाहेर जाऊन रस्त्यावरून भिंतीकडे बघत बसला. मी म्हटलं भैया, रेट सांगा, केव्हा सुरू करता? तर म्हणाला, "भाभीजी, पैले पानी का घर ढूंढो, प्लास्टर तो बाद की बात है." आणि काम न घेता निघून गेला! ह्यांना राग आला, मला मात्र तिथेच वाटलं की माणूस हाच.

पाण्याची घरं दोन निघाली. मागे बाथरूमच्या भिंतीत जुना लोखंडी पाइप सडला होता, ते प्लंबरने दोन दिवसांत बदललं, प्लास्टिकचा पाइप टाकला आणि दाब देऊन तपासला. पुढचं जास्त अवघड होतं. आमच्या समोरचा रस्ता इतक्या वर्षांत थरावर थर चढून इतका उंच झालाय की पूर्वी ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरलीय. म्हणजे जोत्याच्या वर बाहेरची माती आणि काँक्रीट आलंय आणि पावसाचं पाणी तिथे साचून सरळ विटांमध्ये चढतं. त्यात आपली माळव्याची काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, भिंतीला सुखाने राहू देत नाही. मिस्त्रीने सांगितलं तसं आम्ही आमच्या हद्दीतला भिंतीलगतचा दीड फुटाचा पट्टा खणून खाली घेतला, त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, गच्चीचं पाणी भिंतीवर पडायचं तो पन्हळ वळवला. ह्याच्यात जवळजवळ महिना गेला आणि तोपर्यंत मिस्त्रीने एक पैसा घेतला नाही, मधे दोनदा स्वतः येऊन भिंत वाळतेय का बघून गेला.

आता चुन्याच्या भिंतीची गोष्ट, ही जरा नीट वाचा कारण इंदूरात जुन्या घरांत राहणारे आपले बरेच लोक आहेत आणि सगळे हीच चूक करून राहिलेत. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते, म्हणजे आत शिरलेली ओल ती हळूहळू बाहेर सोडत असते. तिच्यावर सिमेंटचं घट्ट प्लास्टर आणि वरून प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, मग ती वर वर चढत जाते आणि जिथून वाट मिळेल तिथून क्षार घेऊन बाहेर पडते आणि प्लास्टरला ढकलून देते. आमच्या पहिल्या ठेकेदाराने हेच केलं होतं. ह्या मिस्त्रीने सांगितलं पुढच्या खोलीला चुनाच लावा, आणि पुढे म्हणाला की चुन्याचं काम मला पूर्ण येत नाही, माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत ते करतील. स्वतःचं तीनशे चौरस फुटांचं काम दुसऱ्याला देणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला.

चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी चुना आधी पंधरा दिवस पाण्यात भिजवून ठेवला, वर चार बोटं पाणी कायम, मग एक भाग चुना आणि तीन भाग रेती आणि विटांची सुरखी म्हणजे भुकटी मिळून असा माल कालवला, त्यात मेथीचं आणि गुळाचं पाणी घातलं. आईंना हे बघून इतका आनंद झाला की रोज खुर्ची टाकून समोर बसायच्या, त्यांच्या माहेरी खासगीवाल्यांच्या वाड्याजवळ असंच काम त्यांनी लहानपणी पाहिलं होतं म्हणे. आपला राजवाडा १९८४ च्या आगीत जळाला त्याच्यानंतर जे काम झालं त्यातही चुनाच वापरला, जुन्या बांधणीला जुनाच माल लागतो. चुना हळू घट्ट होतो, पातळ थर, मधे थांबा, पुन्हा थर, रोज पाणी शिंपडा आणि उन्हाची झळ लागू देऊ नका म्हणून दारं खिडक्यांना ओली पोती बांधा. तीनशे फुटांच्या भिंतीला बारा दिवस लागले. चाचांची रोजी हजार रुपये, एक बेलदार म्हणजे हाताखालचा मजूर पाचशे, सामान वेगळं. सिमेंटपेक्षा महाग पडलं हे खरंय. वरून फक्त चुन्याचीच सफेदी, थोडा पिवळा रंग मिसळून, प्लास्टिक पेंट आता त्या खोलीत कधीच नाही.

मागच्या भागाचं सिमेंटचं काम आमच्या मिस्त्रीने केलं, साधारण १,४५० फूट. सामान आम्ही आणलं पण कुठलं ते त्याने सांगितलं. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, आणि दुकानात पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचायला लावलं, तीन महिन्यांच्या वरचं पोतं घेऊ नका म्हणाला, जुनं झालं की जोर कमी होतो. रेती नर्मदेची. गाडी आली तेव्हा त्याने उतरवू दिली नाही, आधी काचेच्या बाटलीत अर्धी रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवली आणि खिडकीत ठेवून चहा प्यायला गेला. दोन तासांनी रेतीवर मातीचा जो थर बसला तो बघून म्हणाला परत न्या. गाडीवाला तणतणला, भांडला, पण मिस्त्री हलला नाही. रेतीच्या आठ टक्क्यांच्या वर माती बसली तर प्लास्टर चिरणारच असं त्याचं गणित. दुसरी गाडी चांगली आली, ती चाळून घेतली. मागच्या वेळी आमच्याकडे क्रशरची धूळ मिसळलेला माल आला होता, करडा, हाताला पिठासारखा लागणारा, आम्हाला काय कळतंय, आम्ही चांगली बारीक रेती आहे म्हणून खूश होतो.

एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे मोजमाप. माल एकाला पाच, आणि तो नजरेने टाकायचा नाही. सिमेंटची तगारी म्हणजे घमेलं पट्टीने सपाट करायची, रेतीची पण तशीच, बेलदाराने शीग लावली तर ओरडायचा. आणि रेती ओली असेल तर फुगलेली असते, तगारी भरलेली दिसते पण माल कमी असतो, म्हणून तेव्हा थोडी जास्त घ्यायची, हे त्याने मला समजावून सांगितलं. पाणी घातलेला माल तासाच्या आत भिंतीवर गेला पाहिजे. दुपारी जेवायला जाताना थोडा माल उरला होता, बेलदाराने परत येऊन त्यात पाणी मारून नरम केला तर मिस्त्रीने तो सगळा बाहेर फेकायला लावला. तीन तगाऱ्या असतील. माझ्या डोळ्यासमोर माझेच पैसे फेकले गेले आणि मला बरं वाटलं.

भिंतीची तयारी तीन दिवस चालली, ह्यात कोणी पैसे मागत नाही म्हणून कोणी करत नाही. जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढलं, विटांच्या सांध्यातला भुसभुशीत माल अर्धा इंच खोल खरवडला, तारेच्या ब्रशने झाडलं, धुतलं. काँक्रीटच्या बीमला आणि कॉलमला छिन्नीने टाचे मारले कारण गुळगुळीत काँक्रीटला माल धरत नाही. जिथे वीट आणि काँक्रीट एकमेकांना भेटतात तिथे आणि वायरिंगची खाच भरली तिथे मुर्गा जाळी म्हणजे तारेची बारीक जाळी ठोकली, दोन्हीकडे चार चार इंच पसरेल अशी. तुमच्या घरात बीमच्या खाली सरळ आडवी चीर असेल ना, ती बहुतेक वेळा ही जाळी नसल्यामुळे असते, कितीही पुट्टी भरा दर वर्षी परत उघडते.

मग भिंत भिजवायची पण टपकेल इतकी नाही, ओळंबा लावून साधारण सहा सहा फुटांवर मालाचे ठिय्ये, म्हणजे जाडीच्या खुणा, लावायचे, आणि त्या ठिय्यांच्या लेव्हलने माल भरून पट्टी ओढायची. आमची एक भिंत इतकी वाकडी होती की वरच्या कोपऱ्यात जाडी सव्वा इंच येत होती. तिथे त्याने एका दमात माल भरला नाही, पहिला थर मारून ओला असताना करणीने रेघा ओढून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी वरचा थर दिला. जाड माल एकदम मारला तर स्वतःच्याच वजनाने भिंत सोडतो. शेवटी लाकडी रंध्याने फिनिश, वर कोरं सिमेंट घोटलं नाही. मी म्हटलं आधीच्याने तर आरशासारखं चकाचक केलं होतं, तर म्हणाला म्हणूनच चिरांची जाळी पडली, कोरं सिमेंट वर आणून घोटलं की ते आकसतं आणि बारीक चिरा देतं, आणि पुट्टी लावायची असेल तर तिला थोडी खरखरीत जागाच लागते.

तराईचं, म्हणजे नव्या प्लास्टरला पाणी मारत राहायचं काम मात्र घरच्यांचं, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. दुसऱ्या दिवसापासून कमीत कमी सात दिवस, पीपीसी असल्यामुळे दहा दिवस केलं तर फारच छान. आता आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढून येतं त्याचा विचार केला की भिंतीवर पाणी मारताना जीव कासावीस होतो. आम्ही दोन ड्रम आणून ठेवले, पाणी आलं की भरायचे, आणि पाइप न लावता फवाऱ्याच्या पंपाने दिवसातून चार वेळा भिंत ओली करायची, सकाळी सहाला मी, दुपारी आई, संध्याकाळी मुलगा, रात्री झोपताना हे. पाणी कमी लागलं आणि भिंत एकदाही पांढरी पडू दिली नाही. काम जानेवारी फेब्रुवारीत केल्याचा हा फायदा, मे महिन्यात माळव्याच्या उन्हात आणि लूमध्ये प्लास्टर तासाभरात वाळतं, मग कितीही पाणी मारा उपयोग नसतो.

आता तक्रारी पण लिहिते, म्हणजे पूर्ण चित्र येईल. सकाळी नऊ म्हणाला की साडेदहा धरायचे. काम करताना फोन उचलत नाही, संध्याकाळी स्वतः करतो. मधे दोन दिवस कुटुंबातल्या लग्नाला गेला, कळवून गेला पण आमचं स्वयंपाकघर उघडं पडलं होतं, ते दोन दिवस फार कठीण गेले, शेगडी गॅलरीत ठेवून पोहे आणि खिचडीवर काढले. बेलदारांनी स्विचचे दोन बॉक्स मालाने भरून टाकले, इलेक्ट्रिशियनला ते फोडून काढावे लागले, तर काम सुरू व्हायच्या आधी बॉक्समध्ये थर्माकोल किंवा कागद कोंबून घ्या, ते बेलदारांच्या लक्षात राहत नाही. आणि फरशीवर प्लास्टिक आम्हीच अंथरलं, जिन्यात अंथरलं नव्हतं तिथले डाग अजून आहेत. बिल वगैरे काही मिळत नाही, सगळं त्याच्या लाल डायरीत, मी रोज त्या पानाचा फोटो काढून ठेवायचे, त्याने कधी वाईट मानलं नाही. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीची धार खाली पाव इंच बाहेर गेली होती, आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने ओळंबा धरला, तोंड वाईट केलं आणि स्वतःहून ती धार फोडून नवी केली.

पैशांचं असं झालं की आतल्या प्लास्टरला मजुरी २४ रुपये फूट ठरली, छताचे कुठे कुठे तुकडे होते ते ३० ने. ह्यापेक्षा स्वस्त १८ वाला पण आला होता. सुरुवातीला फक्त ५,००० दिले, मग दर शनिवारी जितकं काम झालं तितकं मोजून, आणि शेवटचे दहा टक्के तराई संपल्यावर भिंत वाजवून बघून. हे त्यानेच सुचवलं. मोजणीत भांडण होतं ते दार खिडक्यांवरून, म्हणून आधीच बोलून घ्या. सरकारी मोजणीची जी पद्धत आहे त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतचं भोक वजा करत नाहीत, त्याहून मोठं तीन चौरस मीटरपर्यंतचं असेल तर एकाच बाजूचं वजा करतात कारण धारांचं काम वेगळं मोजत नाहीत, आम्ही तसंच धरलं आणि शेवटपर्यंत वाद झाला नाही. सिमेंट त्याने १६ पोती सांगितली होती, १७ लागली. रेती शंभर घनफूट. इतका जवळचा अंदाज बघून ह्यांनी पण मान्य केलं.

आमच्या दिरांचं म्हणणं होतं की जिप्सम प्लास्टर करा, तराई नको, गुळगुळीत येतं, लवकर होतं. वरच्या कोरड्या खोलीला ते चाललं असतं, मिस्त्री पण हो म्हणाला, पण बाथरूमला लागून किंवा ओलीची भीती असेल तिथे जिप्सम नको, पाणी लागलं की नरम पडतं. आम्ही सगळीकडे सिमेंटच ठेवलं. आणि वरच्या खोलीत एका बीमची सळई गंजून काँक्रीट सुटलं होतं, तिथे त्याने हातच लावला नाही, म्हणाला ह्यावर प्लास्टर मारून झाकता येईल पण मी झाकणार नाही, इंजिनिअरला दाखवा. दाखवलं, त्याची दुरुस्ती वेगळी झाली. मलबा पोत्यांत भरून ठेवला आणि महापालिकेच्या ३११ ॲपवर टाकून निगमची गाडी बोलावली, रस्त्यावर ढीग घातला असता तर दंड बसला असता.

काम भगोरियाच्या आधी संपवायचं हे पण त्यानेच पहिल्यापासून धरलं होतं. बेलदार सगळे झाबुआ अलीराजपूरकडचे, होळीच्या आधीच्या आठवड्यात हाटासाठी गावी जातात आणि रंगपंचमी होईपर्यंत परत यायचं नाव नाही, आणि जावंच त्यांनी, वर्षाचा सण आहे त्यांचा. ज्यांना काम काढायचंय त्यांनी ह्याचा हिशोब धरून तारीख ठरवा, नाहीतर अर्धी भिंत उघडी टाकून पंधरा दिवस बसावं लागतं. रंग आम्ही एप्रिलमध्ये लावला, प्लास्टरला चांगले सहा आठवडे वाळू देऊन.

जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला होता तेव्हा मी रोज सकाळी आईंच्या खोलीत जाऊन खालच्या भिंतीला तळहात लावून बघायचे. रस्त्याकडच्या कोपऱ्यात वीतभर जागा थोडी गार लागली, चाचांना बोलावलं, त्यांनी बघून सांगितलं की जुनी ओल आहे, बाहेर निघतेय, निघू द्या. सप्टेंबरपर्यंत ती पण वाळली, पावडर नाही, फोड नाही. आई रात्री खिडकी लावून झोपू शकतात, दोन वर्षांत पहिल्यांदा.

बाहेरच्या रस्त्याकडच्या भिंतीचं काम राहिलंय, ते दिवाळी झाली की तोच करणार आहे. ह्या वेळी मी आधीच सांगून ठेवलंय की जिन्यात पण प्लास्टिक अंथरायचं आणि साडेदहा म्हणजे साडेदहा, त्याने हो म्हटलंय आणि डायरीत लिहून घेतलंय.